फोटोत दिसतं ते सगळं

घरातली व्यायामाची सायकल विकून टाकायची, एवढाच साधा निर्णय मी घेतला होता. (निर्णय माझ्या बायकोने, येलित्साने घेतला होता. मी तो मोठ्याने बोलून दाखवला. आमच्या संसारात निर्णयांची वाटणी ही अशी आहे.)

सायकल घरात आली कशी, तेही सांगून टाकतो. गेल्या वर्षी डॉक्टरांनी माझ्या पोटाकडे बघून नुसता सुस्कारा टाकला. मी दुकानात न जाता लिलावाच्या साइटवर गेलो, कारण तिथे म्हणे वस्तू स्वस्त मिळतात. मिळतही असतील. पण अगदी शेवटच्या घटकेला कुणीतरी माझ्यावर बोली चढवली आणि मी, ग्रादिमिर, सर्बियातल्या लेस्कोवात्सच्या पाणीपुरवठा कार्यालयातला कारकून, ज्याने आजवर फुटलेल्या नळापुढेही आवाज चढवला नाही, एकदम पेटलो. तो वाढवायचा, मी वाढवायचो. शेवटी मी जिंकलो आणि टेबलावर मूठ आपटली. दुसऱ्या दिवशी तीच सायकल, नवी कोरी, एका दुकानाच्या काचेमागे दिसली. माझ्या बोलीपेक्षा कमी किमतीची चिठ्ठी गळ्यात अडकवून उभी होती. तेव्हापासून मी कामावर दुसऱ्या रस्त्याने जातो.

माझ्या सासूबाई, देसांका, आमच्याच अंगणात पलीकडच्या खोलीत राहतात. त्यांचं सगळं माहेर भाजीबाजारात वाढलेलं. व्यवहार न कळणारा माणूस त्यांच्या लेखी अर्धवट. सायकलीची किंमत ऐकून त्या मला काहीच बोलल्या नाहीत, येलित्साला म्हणाल्या, "याला जत्रेत गाढव विकायला पाठव. दोन गाढवं घेऊन परत येईल, स्वतःला न मोजता."

सायकलीवर मी दोन-तीनदा बसलो. मग ती अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात गेली आणि तिथे मात्र कामाला लागली. हँडलवर लाल मिरच्यांच्या माळा वाळू लागल्या, सीटवर सासूबाईंची मोठी चाळण विसावली. आणि तिच्यामागच्या भिंतीवरच्या फळीवर, दरवर्षीप्रमाणे, आयवारच्या बरण्या उभ्या राहिल्या. आमच्या गावात आयवार म्हणजे नुसतं तोंडी लावणं नव्हे, घराची अब्रू असते. लाल जाड मिरच्या लाकडावर भाजायच्या, एकेक सोलायची, वाटायची आणि तेलात तासन्‌तास ढवळत बसायचं. सासूबाई ढवळत असताना आम्ही घरात दबक्या आवाजात बोलतो.

नोव्हेंबरात आमच्या घराण्याच्या संताचा दिवस येतो, स्लावा. त्या दिवशी कुणाला आमंत्रण द्यायचं नसतं. ज्याला आठवतं तो येतो, आणि खायचं असल्यामुळे सगळ्यांना आठवतं. लांब टेबल मांडायचं तर उन्हाळी स्वयंपाकघर रिकामं हवं. येलित्साने मला शांतपणे सांगितलं की स्लावाच्या आत सायकल गेली नाही, तर पाहुण्यांच्या पंगतीत मी त्याच सायकलीवर बसून जेवेन.

मी झिवोयिनचा सल्ला घेतला. झिवोयिन कार्यालयात माझ्या समोरच्या टेबलावर बसतो. त्याने आयुष्यात लिलावात एकच वस्तू विकली, आजोबांचं अकॉर्डियन, पण उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. त्याने सांगितलं, पहिली बोली एका दिनारची ठेव, म्हणजे लोकांना फुकटाचा वास येतो. लिलाव रविवारी संध्याकाळी संपव, तेव्हा सगळे घरात जेवून सुस्त पडलेले असतात. फोटो उजेडात काढ आणि सायकलीवर माणूस बसलेला दाखव, म्हणजे ती किती वजन पेलते ते कळतं. (तू बसलास तर तो प्रश्नच मिटेल, असंही म्हणाला.) आणि सगळ्यात महत्त्वाचं, लोकांना भीती असते की ऐन वेळी विकणारा एखादा भाग काढून ठेवेल. म्हणून स्वच्छ लिही, फोटोत दिसतं ते सगळं मिळेल.

मी केस विंचरले, स्वच्छ शर्ट घातला आणि सायकलीवर बसलो. येलित्साने फोटो काढला. फोटो सुरेख आला. मी पोट आत घेऊन क्षितिजाकडे पाहत होतो. खाली मी ठळक अक्षरांत लिहिलं, "फोटोत दिसतं ते सगळं मिळेल. विक्रेत्याचा शब्द."

बोली भराभर चढू लागली. लोक प्रश्न विचारू लागले आणि मी कामावर बसून उत्तरं देऊ लागलो. प्रश्न थोडे चमत्कारिक होते, पण मला वाटलं, व्यायाम करणारी माणसं अशीच असणार. एकाने विचारलं, विजेवर की जुन्या पद्धतीने? मी लिहिलं, वीज लागतच नाही, सगळं अंगमेहनतीचं काम. त्यावर लगेच बोली वाढली. एका बाईंनी विचारलं, घरगुतीच आहे ना? मी लिहिलं, घराबाहेर कधी गेलेलं नाही. पुन्हा बोली वाढली. नोवी सादच्या एका गृहस्थाने विचारलं, जळकट वास तर नाही ना येत? मी उठून घरी गेलो, सायकल हुंगली आणि प्रामाणिकपणे कळवलं की नाही. त्याने बोली दुप्पट केली.

मग "दक्षिणवारा" असं नाव घेतलेल्या कुणीतरी विचारलं, सायकलीवरचा माणूसही सोबत येणार का? मला गंमत वाटली. मी लिहिलं, हो, येईल, दिवसातून दोनदा कॉफी दिली की पुरे. (कार्यालयात मी विनोदी म्हणून प्रसिद्ध आहे. निदान झिवोयिन हसतो.) त्यानंतर का कोण जाणे, दिवसभर एकही बोली आली नाही. झिवोयिन म्हणाला, बाजाराचे मूड असतात. दुसऱ्या दिवशी मी काही न करता बोली पुन्हा सुरू झाली आणि मी ते माझ्या चिकाटीचं फळ मानलं.

रविवारी संध्याकाळी दक्षिणवारा आणि नोवी साद यांची जी जुंपली, ती बघताना मला माझंच तारुण्य आठवलं. (गेल्या वर्षीचं.) लिलाव संपला तेव्हा दक्षिणवारा जिंकला होता आणि किंमत मी सायकलीला दिलेल्या किमतीच्याही वर गेली होती. मी अंगणात जाऊन सासूबाईंना आकडा सांगितला. त्या मिरच्यांचे देठ काढत होत्या. "म्हणजे तुझ्यासारखा आणखी एक आहे," त्या म्हणाल्या आणि पुढचा देठ काढला. पण मला फरक पडला नाही. मी छाती काढून घरात आलो आणि दक्षिणवाराचा निरोप उघडला.

निरोपात लिहिलं होतं, "वरच्या फळीवरच्या सगळ्या बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा. तुमच्या डोक्यामागे एक अर्धी लपली आहे, तीही धरली आहे. सायकल तुमची तुम्हालाच."

माझी पाचावर धारण बसली. मी फोटो पुन्हा उघडला. इतका वेळ मी त्यात फक्त मला पाहत होतो. आता पाहिलं तर माझ्यामागे, सूर्यप्रकाशात माणकासारख्या लखलखत, सासूबाईंच्या आयवारच्या बरण्या ओळीने उभ्या होत्या. आख्खा देश आठवडाभर त्यांच्यावर बोली लावत होता आणि मी मध्ये बसून त्यातली एक झाकत होतो.

येलित्सा खुर्चीत बसली. तो आयवार स्लावासाठीचा होता. तो दिला तर पाहुण्यांपुढे घराचं नाक कापलं जाणार, नाही दिला तर माझा शब्द मोडणार, तोही ठळक अक्षरांत दिलेला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. येलित्सा हळूच म्हणाली की बाजारातून विकतचा आणून आपल्या बरण्यांत भरला तर कुणाला कळणार आहे. मला कल्पना वाईट वाटली नाही. तेवढ्यात दारात सासूबाई दिसल्या. हातात सुरी होती, देठांची.

"काय कुणाला कळणार आहे?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. सुरीकडे बघत सांगितलं, त्यामुळे काहीच लपवलं नाही. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मगाशी आकडा किती म्हणालास?"

मी पुन्हा सांगितला.

"सायकलीचा?"

"नाही, आई. तुमच्या आयवारचा."

त्या वळून उन्हाळी स्वयंपाकघरात गेल्या, आम्ही मागोमाग. त्यांनी सीटवरची चाळण काढली आणि सायकलीवर बसून फळीकडे पाहत राहिल्या. इथे तुम्हाला कुंपणापलीकडची रादोयका माहीत हवी. दर शरदात चौकात आयवारची स्पर्धा होते, दरवर्षी रादोयका जिंकते आणि तिची निळी फीत वर्षभर आमच्या दिशेच्या खिडकीत लटकते. सासूबाई कधी स्पर्धेत उतरल्या नाहीत. "आयवार काय कुत्रा आहे गळ्यात पट्टा बांधून फिरवायला?" असं त्या म्हणत. पण खिडकीचा पडदा रोज सकाळी सरकवून ती फीत बघत, हे मी पाहिलं होतं. आणि आता कुणी अनोळखी माणसं, ना परीक्षक ना पाहुणे, नुसत्या रंगावरून त्यांच्या बरण्यांसाठी भांडली होती. त्यांचे डोळे भरले. त्यांनी ते भरू दिले, हे मला फार आवडलं.

मग त्या खाली उतरल्या. "शब्द दिलाय तर माल जाईल," त्या म्हणाल्या. "बाजारात अजून मिरच्या आहेत. स्लावाचा आयवार पुन्हा होईल. सोलायला जावईबापू आहेतच."

माल न्यायला दक्षिणवारा दुसऱ्या दिवशी आला. आम्ही फाटकाशी मोटारीची वाट बघत होतो, पण गल्लीतून आली एक हातगाडी, आणि ती ढकलत, टोपी भुवयांपर्यंत ओढलेला तोमा. तोमा म्हणजे रादोयकाचा नवरा. त्याला आमच्या फाटकापर्यंत यायला शेजारच्या फाटकातून बाहेर पडावं लागतं, बस्स. तरीही अनोळखी वाटावं म्हणून बिचारा आख्ख्या गल्लीला वळसा घालून आला होता.

सासूबाईंनी त्याला बसवलं. मुरांब्याचा चमचा दिला, पाणी दिलं, कॉफी ठेवली, राकियाचा, घरच्या फळांच्या दारूचा, पेला ओतला. तोमा टोपी हातात फिरवत राहिला. शेवटी त्याच्याने राहवेना. त्याने सांगितलं की रादोयकाचा आयवार यंदा बुडाशी लागला. फोनवर बोलायला गेली आणि सगळा कढतानाच जळला. त्यांची स्लावा आमच्या आधी येते, आणि फीतवालीचा आयवार खायला अर्धं गाव येणार.

"एवढ्या लांबून यायचं कशाला तोमा," सासूबाई म्हणाल्या. "कुंपणावरून हाक मारली असती तरी बरणी दिली असती."

"तेच तर तिला करायचं नव्हतं, देसांकाताई," तोमा खाली बघून म्हणाला.

मला वाटलं, आता सासूबाई कुंपणाशी जाऊन उभं गाव गोळा करतील. इतक्या वर्षांचा हिशेब फिटला होता. पण त्यांनी तोमाचे पैसे एप्रनच्या खिशात टाकले, (माल त्यांचा होता, मी काही बोललो नाही) बरण्या स्वतःच्या हाताने गुंडाळल्या आणि वर आपल्या खोलीतली आणखी एक ठेवली, फुकट. आम्हाला म्हणाल्या, "ही गोष्ट या फाटकाबाहेर गेली, तर माझ्याशी गाठ आहे." मी सायकलीबद्दल विचारलं, तर तोमा दचकला. ती घरी आणली तर रादोयका मलाच तिच्यावर बसवेल, म्हणाला, आणि हातगाडी ढकलत उलट्या बाजूने वळसा घालायला निघाला.

मग मी सोललं. भाजलेल्या मिरच्यांच्या राशी सोलल्या, बोटं लाल झाली, नखं केशरी झाली. कार्यालयात झिवोयिन विचारू लागला की मी कुणाचा खून केला. पण स्लावाच्या दिवशी टेबलावर जो आयवार आला, तसा आमच्या घरात आजवर झाला नव्हता.

त्या दिवशी सगळ्यांना आठवलं. माणसं इतकी आली की खुर्च्या संपल्या आणि येलित्साने नुसतं कोपऱ्याकडे पाहिलं. मी निमूट जाऊन सायकलीवर बसलो आणि ताट हँडलवर तोललं. तेवढ्यात तोमा आणि रादोयका आले. रादोयकाच्या हातात आमचीच एक बरणी होती, घासून लख्ख केलेली. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. सासूबाईंनी झाकण उघडलं, तर आत घडी घातलेली निळी फीत.  मग सासूबाईंनी शेजारची खुर्ची ओढली, त्यावरच्या माणसाला उठवलं, आणि रादोयकाला आपल्या जवळ बसवलं.

मला अभिमान आवरेना. मी सायकलीवरून पेला उंचावून, त्या दोघींनाच ऐकू जाईल इतपत, म्हणालो की झालं ते झालं, पण हे सगळं घडलं माझ्या फोटोमुळे, माझ्या शब्दामुळे आणि माझ्या विनोदी उत्तरांमुळे.

रादोयकाने पावाला आयवार लावता लावता माझ्याकडे निरखून पाहिलं. "खरं सांगू का देसांका," ती हळूच म्हणाली, "तो माणूसही सोबत येईल म्हणून याने लिहिलं, तेव्हा मी बोली थांबवणारच होते. म्हटलं, आयवार कितीही चांगला असो, एवढी जोखीम नको. बाकीच्यांचीही हिंमत झाली नाही. पण दुसऱ्या दिवशी खाली ओळ आली, 'माणूस विक्रीत नाही,' आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला."

अशी ओळ मी कधी लिहिली नव्हती. मी येलित्साकडे पाहिलं. ती एकदम पाव कापायला लागली.

"त्या एका ओळीने किंमत दुप्पट झाली," सासूबाई समाधानाने म्हणाल्या. "व्यवहार माझ्याच लेकीला कळतो."