पट्टीरावांचा उजेडाचा अर्ज

पट्टीरावांच्या घरी सकाळपासून मानवी हक्कांची पायमल्ली चालू होती. लेकीच्या आधी आईनं अंघोळीला नंबर लावला, ही पहिली. वडिलांनी दार न वाजवता खोलीत डोकावून इस्त्री मागितली, ही दुसरी. आणि कुणीतरी तिचा मोबाइल काढून त्या चार्जरला आपला लावला, ही तिसरी आणि सर्वांत अमानुष.

"बाबा, चार्जर हा माझा बेसिक ह्यूमन राइट आहे!" लेक कडाडली.

"अगं, केवढा मोठा शब्द तो! त्यापायी लोक तुरुंगात गेलेत."

"ते पुस्तकात हो. रोजच्या इंग्रजीत कशालाही म्हणतात. सकाळची कॉफी ह्यूमन राइट, रविवारची झोप ह्यूमन राइट. कुणी मनावर घेत नाही. बोलण्याला जरा वजन येतं, एवढंच."

हे वजन पट्टीरावांच्या मनात घर करून बसलं. कारण त्यांच्या बोलण्याला गेली दोन वर्षं कणभरही वजन उरलेलं नव्हतं.

पट्टीराव नकाशा कार्यालयात आरेखक होते. विरलेल्या जुन्या नकाशांवर पारदर्शक कागद अंथरायचा आणि ओढे, बांध, रस्ते शाईनं पुन्हा काढायचे, हे त्यांचं काम. हातात कायम पट्टी, म्हणून हे नाव. त्यांचं टेबल खिडकीला लागून होतं. पण दोन वर्षांपूर्वी कार्यालयात एक लोखंडी कपाट आलं, दुसरीकडे कुठंच मावेना, म्हणून साहेबांनी ते खिडकीसमोरच उभं केलं. तेव्हापासून पट्टीरावांचं सगळं काम एका म्हाताऱ्या ट्यूबलाइटच्या भरवशावर चाललं होतं, आणि ती पेटण्यापेक्षा विचारच जास्त करायची.

"साहेब, कपाट तेवढं हलवा ना."

"बघू."

बावीस वर्षं एका टेबलावर डबा खाणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं? त्यात साहेब महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. नवा साहेब आला की 'बघू'ची बाराखडी पुन्हा पहिल्यापासून. त्या दुपारी पट्टीरावांनी मुख्यालयाचं तक्रारीचं पान उघडलं आणि इंग्रजीत एकच वाक्य लिहिलं: उजेड हा माझा मूलभूत मानवी हक्क असून माझ्या वरिष्ठांनी तो मला दोन वर्षं नाकारला आहे. बटण दाबलं आणि त्यांना एकदम हलकं वाटलं.

तक्रारी वाचणाऱ्या यंत्राला इंग्रजी येत होतं, पण ते लेकीच्या कॉलेजात गेलेलं नव्हतं. त्यानं फर्निचर विभाग ओलांडला आणि अर्ज थेट मानवी हक्क कक्षात नेऊन टाकला.

तिसऱ्या दिवशी साहेब डबा न उघडताच बसून राहिले.

"पट्टीराव, कुणीतरी माझ्याविरुद्ध मानवी हक्कांची तक्रार केलीय. नाव गुप्त आहे. चौकशी संपेपर्यंत निवृत्तीचे कागद अडवलेत." साहेबांनी डबा बाजूला सारला. "पस्तीस वर्षं झाली हो. मी शिपायालासुद्धा कधी अरे-तुरे केलं नाही."

पट्टीरावांनी हातातला घास डब्यात परत ठेवला. साहेबांची पस्तीस वर्षांची अब्रू आपण एका वाक्यात धुळीला मिळवली, हे त्यांना समजलं. कबूल करायला मात्र जीभ उचलेना. त्यांनी जेवण अर्धवट टाकलं आणि दुसरा अर्ज पाठवला: तक्रार मागे घेतो. साहेब देवमाणूस आहेत. मला कसलाही त्रास नाही. कृपया कुणीही येऊ नये.

तासाभरात उत्तर आलं. तक्रारदार प्रचंड दबावाखाली दिसत असल्यामुळे चौकशी उद्याच होईल.

दुसऱ्या दिवशी चौकशीच्या मॅडम आल्या. चष्म्यावरून बघत त्यांनी साहेबांना समोर बसवलं.

"तुम्ही एका कर्मचाऱ्याला अंधारात ठेवलं होतं?"

खोटं बोलणं साहेबांना कधी जमलंच नव्हतं. "अंधार म्हणजे... थोडा आहे."

"किती काळ?"

"दोन वर्षं होतील."

"बाहेर सोडत होतात?"

"जेवायला. माझ्यासोबतच."

"म्हणजे देखरेखीखाली." मॅडमनी लिहून घेतलं. "त्यानं सुटकेची विनंती केली का?"

"कपाट हलवायची केली होती. बऱ्याचदा." एवढं बोलून साहेब थबकले आणि सावकाश मान वळवून पट्टीरावांकडे बघू लागले.

पट्टीराव उठले. "मॅडम, तो मीच. मला फक्त हे कपाट हलवून हवं होतं. लेक म्हणाली, इंग्रजीत आजकाल असंच म्हणतात."

"तुम्ही, पट्टीराव?" साहेब एवढंच म्हणाले. पट्टीरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मॅडमनी डोक्याला हात लावला. "एका कपाटासाठी मी एवढ्या लांब आले? हलवा ते. आत्ताच्या आत्ता."

"कपाट नको!" साहेब दचकून म्हणाले.

"का?"

"जड आहे."

"मग रिकामं करा."

"किल्ली हरवलीय," साहेब खिसा घट्ट दाबून म्हणाले.

मॅडमनी नुसता हात पुढे केला. किल्ली आली. दार उघडताच कागदाच्या गुंडाळ्या भराभर जमिनीवर आल्या. पट्टीरावांनी एक उलगडली. अक्षर त्यांचंच, रेषा त्यांच्याच. पण लाल शाईच्या गोलात एक ओढा चक्क डोंगर चढून चालला होता. दुसऱ्या नकाशात रस्ता तळ्यातून आरपार गेला होता. तिसऱ्यात शाळा विहिरीत पडली होती.

"साहेब, हे काय?"

साहेब मान खाली घालून म्हणाले, "तुमच्या रेषा चुकायला लागल्या. मला वाटलं, डोळे अधू झाले. वर कळलं असतं तर तुमच्या हातातलं काम काढून घेतलं असतं. म्हणून सहानंतर रोज दोन तास बसून मीच नवे काढायचो. चुकलेले लपवायला जागा नको? मग कपाट कसं हलवणार?"

"चुका कधीपासून सुरू झाल्या?" मॅडमनी विचारलं.

"कपाट आलं तेव्हा..." साहेबांचं वाक्य अर्ध्यातच अडलं.

दोघांनी कपाटाकडे बघितलं, मग एकमेकांकडे. पस्तीस वर्षं लोकांच्या चुका शोधणाऱ्या माणसाला ही एक सापडली नव्हती. तिघांनी मिळून कपाट बाहेर व्हरांड्यात ढकललं. टेबलावर लख्ख उजेड पडला आणि पट्टीरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसायचीही तसदी घेतली नाही.

मॅडमनी जुना कागद फाडला आणि कोरा घेतला. "रोज दोन तास जादा काम, दोन वर्षं, वर मोबदला नाही. हे मात्र खरंखुरं प्रकरण आहे. साहेब, तक्रारदार तुम्ही. आणि आरोपी..." त्यांनी पेन पट्टीरावांकडे वळवलं.

"लिहा मॅडम," पट्टीराव हात जोडून म्हणाले. "शिक्षा काय ती द्या, पण साहेबांचे कागद आजच सोडा."

"कागद सुटले. शिक्षेचं तक्रारदारानं सांगावं."

साहेबांनी जमिनीवरच्या गुंडाळ्या मोजल्या. "महिनाअखेरपर्यंत यांनी सहाला घरी जायचं नाही. हे सगळे ओढे स्वतःच्या हातानं डोंगरावरून खाली उतरवायचे."

"मंजूर. आणि आता तुम्ही तरी वेळेवर घरी जाल ना?"

"मी?" साहेबांनी आपली खुर्ची ओढून पट्टीरावांच्या टेबलाला लावली आणि लाल शाईची दौत उघडली. "यांना एकट्याला सोडलं तर शाळा विहिरीतून काढून तळ्यात टाकतील. मी इथंच थांबतो."