कॅप्टनला मास्तर पाहिजे

ज्ञानेशला ट्रॉलीवर चढून बराच वेळ झाला होता. ऊस वाहायची रिकामी ट्रॉली अंगणात उभी होती म्हणून बरं, नाहीतर त्याला कडुलिंबावर चढावं लागलं असतं. खाली कॅप्टन ट्रॉलीभोवती फेऱ्या मारत होता. तो चावत नव्हता, पण पाठीवरचे केस उभे करून असा भुंकत होता की उतरण्याचा विषय कुणी काढत नव्हतं.

"दाजी, चहा वरच द्या," ज्ञानेश म्हणाला.

दिग्विजयनं कपबशी वर धरली. ज्ञानेश त्याचा मेव्हणा. भिगवणहून कोऱ्हाळे बुद्रुकला आला होता तो बहिणीला कधी पोचवायचं ते ठरवायला. त्याची बहीण सुप्रिया, म्हणजे दिग्विजयची बायको, पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. मुलगी झाली होती. बारसं इकडं सासरी करायचं ठरलं होतं. आणि आता बारशाची बोलणी ट्रॉलीवरून चालली होती.

"पाव्हणं, जरा दमानं घ्या. वळख झाली की गप हुतंय ते," दिग्विजयचे वडील दादासो खालून म्हणाले.

"आबा, वळख व्हायला मला खाली यावं लागंल की!"

शेवटी दादासोंनी कॅप्टनला गळ्याला धरून गोठ्यात कोंडलं. ज्ञानेश उतरला, पँट झटकली आणि उभ्या उभ्याच निकाल सांगितला.

"मी गडी माणूस हाय, चढलो. तान्हं पोर कुठं चढंल? हे कुत्रं हितं हाय तवर ताईला मी धाडायचा न्हाय."

तो गेल्यावर दिग्विजय म्हणाला, "आबा, सोमेश्वरनगरला माझ्या दोस्ताचं गोडाऊन हाय. त्येला राखणीला कुत्रं पायजेच हाय. देऊन टाकू."

"कुत्रं जायाचं न्हाय."

"मग तुमची नात यायची न्हाय."

"नात बी यील. कुत्र्याला मास्तर लावू."

आबा कुत्रं का सोडत नाहीत ते दिग्विजयला ठाऊक होतं. कॅप्टनला घरी आणलं होतं ते त्याच्या आईनं, चंद्राबाईंनी. कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या गाड्यांमधून हे पिल्लू उचलून त्यांनी पदरात घालून आणलं होतं. कॅप्टन हे नाव दिग्विजयनं ठेवलं. पिल्लू पुरतं मोठंही झालं नव्हतं तेव्हा एका दुपारी चंद्राबाईंच्या छातीत कळ आली आणि त्या गेल्या. तेव्हापासून कॅप्टन बाप-लेकाशिवाय कुणालाही अंगणात येऊ देत नव्हता. सुप्रिया तेरावं उरकून लगेच माहेरी गेली होती, तिची ओळखही तो विसरला असणार.

पहिला मास्तर बारामतीहून आला. मानसिंगराव पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले. पायात बूट, गळ्यात शिट्टी, हातात पट्टा. त्यांनी अंगणाच्या मधोमध उभं राहून शिट्टी वाजवली आणि ओरडले, "सिट!"

कॅप्टन बाजेखाली गेला.

"स्टे!"

कॅप्टन बाजेखालून हलला नाही. मानसिंगरावांचं जेवण झालं, बडीशेप झाली, तरी तो तिथंच.

"बघा, स्टे जमला," मानसिंगराव म्हणाले. "बुद्धी हाय. दोन महिन्यांत चोर पकडायला शिकवतो ह्याला."

"चोर न्हाय वो पकडायचं," दादासो म्हणाले. "पाव्हणं सोडायला शिकवा."

मानसिंगराव विचारात पडले. "ते आमच्या कोर्समदी न्हवतं," असं प्रामाणिकपणे सांगून ते निघाले. निघताना कॅप्टन बाजेखालून बाहेर आला आणि त्यांना फाटकापर्यंत पळवत सोडून आला. हे त्याला न शिकवता येत होतं.

दुसरा मास्तर दिग्विजयनं मोबाईलवर शोधला. इंदापूरचा अविराज. तरुण पोरगा. कुत्र्यांना न मारता, न ओरडता, नुसत्या प्रेमानं कसं शिकवायचं याचे त्याचे व्हिडिओ लोक बघत होते. यायच्या आधी त्यानं फोनवर चौकशी केली. कुत्रं काय खातं, कुठं झोपतं, भुंकण्याआधी कान पुढं करतं की मागं. दादासोंना एवढी चौकशी सोयरीक जमवतानाही कुणी केली नव्हती.

"अलीकडं घरात काही मोठा बदल झालाय का?" त्यानं विचारलं.

"झालाय. ह्येला आणणारी गेली."

 मग अविराज म्हणाला, "मी उद्याच येतो, आबा."

त्यानं दुःख झालं वगैरे म्हटलं नाही, त्यामुळं पोरगा दादासोंना बरा वाटला.

दुसऱ्या दिवशी अविराज आला. अंगणात येऊन त्यानं कॅप्टनकडं पाठ फिरवली, तिरका होऊन जमिनीवर बसला आणि हळू आवाजात दोघांना समजावलं, "त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. अंगावर जायचं नाही. हालचाल अजिबात नाही, बोलायचंही नाही. त्याला स्वतःहून येऊ द्यायचं." मग तो जमिनीकडं बघत लाडात बोलायला लागला. "ये रे बाळा. माझं शोनं ते. कुणी काही करणार नाही हं तुला. गुणाचं माझं पिल्लू."

कॅप्टननं आधी कान मागं पाडले. मग दात दाखवले. अविराज जसजसा गोड होत गेला तसतसा कॅप्टन भडकत गेला. मघाशी गोठ्याच्या दारात होता, तो आता अविराजच्या चार हातांवर येऊन गुरगुरत होता.

"मास्तर, बास करू का?" दिग्विजयनं विचारलं.

"हलू नका," अविराज ओठांतल्या ओठांत म्हणाला. "प्रगती आहे. जवळ आलाय."

तो ज्या जागी बसला होता तिथं लाल मुंग्यांचं घर होतं, हे दादासोंना तेवढ्यात आठवलं. सांगावं तर बोलायला बंदी. सांगावं की नाही या विचारात ते असतानाच अविराजची मान ताठ झाली. त्यानं एक पाय हळूच हलवला. चेहरा लाल झाला. तरी तो "माझं शोनं" म्हणत राहिला, पण आवाज बदलत चालला होता. मग मुंग्या जिथं पोचायच्या तिथं पोचल्या.

अविराज उडालाच. दोन्ही हातांनी पँट झोडपत तो अंगणभर नाचला आणि इंदापूरच्या आजीकडं लहानपण काढल्याचा सगळा पुरावा बाहेर आला.

"तुजा मुडदा बशिवला कुत्र्या तुजा! मेल्या, पटकी आली तुला! तुज्यापायी माझी सालपटं निघाली की रं मुडद्या!"

कॅप्टन भुंकायचा थांबला. पाठीवरचे केस खाली बसले. शेपटी हलायला लागली, आधी नुसतं टोक, मग कमरेपासून मागचा सगळा कुत्रा. तो पळत जाऊन अविराजच्या पायाशी उताणा पडला आणि चारी पाय वर केले.

 अविराजनं दम घेतला, शर्ट खाली ओढला आणि खाली वाकून म्हणाला, "गुड बॉय."

कॅप्टन गुरगुरला.

"मुडद्या!" अविराज घाबरून म्हणाला. शेपटी हलली.

"शोन्या." गुरगुर.

"मेल्या." शेपटी.

अविराज दादासोंकडं वळला. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "आबा, मी शिकलो ते सगळं ह्याच्या उलट आहे. ह्याला लहानपणी कोण काय बोलायचं?"

दादासो बाजेवर टेकले. चंद्राबाईंनी आयुष्यात कुणाला गोड हाक मारली नव्हती. गाय असो, नवरा असो, पोरगं असो. त्या भाकरी कुस्करून दुधात घालायच्या, पिल्लाला मांडीवर घ्यायच्या आणि म्हणायच्या, "गिळ मुडद्या गिळ, न्हायतर मरशील." पिल्लू गिळायचं आणि त्यांच्याच पदरात झोपायचं. मग एक दिवस अंगणात माणसं आली. तेरा दिवस येत राहिली. सगळी हळू आवाजात, मऊ मऊ बोलत होती. आणि शिव्या देणारी घरात कुठंच दिसेना.

"त्येला वाटतंय," दादासो म्हणाले, "गोड बोलणारं माणूस काय तरी घिऊन जातंय."

अविराजनं मुंग्यांनी फोडलेला पाय चोळला.  मग म्हणाला, "शिकवता येईल. येणाऱ्या प्रत्येकानं आधी शिव्या द्यायच्या. मग भाकरीचा तुकडा द्यायचा. पुढं हळूहळू शिव्या कमी करत न्यायच्या. फक्त एक विनंती आहे. ह्याचा व्हिडिओ काढू नका. माझा धंदा प्रेमावर चालतो."

दुसऱ्या दिवसापासून वस्तीवर शिकवणी सुरू झाली. शेजारच्या सिंधुबाईंना काहीच शिकवावं लागलं नाही, कॅप्टन त्यांच्या मागं बांधापर्यंत गेला. दुधाला येणारा ऋतिक मात्र लाजरा. त्यानं "मेल्या" म्हटलं आणि लगेच "सॉरी" म्हटलं. त्याला ट्रॉलीवर चढावं लागलं. दादासोंचंही अवघड होतं. घरात शिव्यांचं खातं कायम चंद्राबाईंकडं होतं, त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

"मनापासून, आबा!" अविराज सांगायचा.

"मुडद्या," दादासो म्हणायचे आणि पुढं त्यांच्या तोंडून निघायचं, "जेवलास का?"

बारसं जवळ आलं, पत्रिकाही छापून भिगवणला पोचल्या. भिगवणला दिग्विजयनं फोन केला. सुप्रिया एमए झालेली, हळू बोलणारी. लग्न झाल्यापासून तिचा आवाज स्वयंपाकघराबाहेर आला नव्हता.

"आबांच्या म्होरं शिव्या? मी?" ती म्हणाली. "मला न्हाय जमायचं."

"न्हाय जमलं तर कुत्रं जातंय. आबांचा त्येच्यात किती जीव हाय तुला ठावं हाय."

सुप्रियाला ठाऊक होतं. म्हणून ती आली, आणि कुत्रं गप्प राहिलं तर गोडाऊनला धाडायचं नाही असा शब्द देऊन ज्ञानेशही आला.

ज्ञानेशनं गाडी फाटकापाशी उभी केली, काचा वर केल्या आणि बाळाला घेऊन आतच बसला. सुप्रिया एकटी उतरली. कॅप्टन अंगणातून सुसाट आला आणि फाटकाच्या आत उभा राहून भुंकायला लागला. अविराज भिंतीआडून सूचना देत होता. दादासो हातात भाकरी घेऊन उभे होते.

"मेल्या..." सुप्रिया म्हणाली. ते तिचं तिलाच ऐकू आलं नसेल.

कॅप्टन जास्तच भुंकला. गाडीत बाळ रडायला लागलं. ज्ञानेशनं काच बोटभर खाली केली. "बघितलं का दाजी? चल ताई, माघारी जाऊ. गोडाऊनला धाडा ते कुत्रं!"

दादासोंनी मान खाली घातली.

"ताई, खरं वाटलं पाहिजे!" अविराज ओरडला. "कुणाचा तरी खरोखरचा राग आठवा!"

सुप्रियानं एकदा दिग्विजयकडं बघितलं. मग कॅप्टनकडं वळली.

"मुडद्या! किती म्हयने झालं रं मी तिकडं हाय? कितीदा आलास? आन् आलास तर येऊन काय केलंस? मोबाईलमदी तोंड घालून बसलास! पोरीला कुणी घ्यायचं? तुजी आई गेली, व्हय, तुला दुःख झालं. मला न्हवतं का झालं? माझ्याजवळ बसून रडला असतास तर काय झिजला असतास का, मेल्या?"

कॅप्टनचे कान खाली आले. दिग्विजयचेही.

"आन् बारशाच्या पत्रिका छापून आणता व्हय? परस्पर? नऊ म्हयने पोर मी वागवली, आन् नाव मी पत्रिकंत वाचायचं? सासूबाईंचं नाव ठिवायचं हुतं तर मला इचारायला जीभ झडली हुती का? न्हाय म्हणले असते का मी? त्यास्नी मी पाणी पाजलंय शेवटाला! मीच म्हणले असते, चंद्रा ठिवा म्हणून! पण इचारायचं कोण? ह्या घरात बोलायचं म्हंजी पटकी येती ना तुमाला सगळ्यास्नी!"

कॅप्टन जमिनीला पोट घासत पुढं आला, फाटकाच्या फटीतून नाक बाहेर काढलं आणि तिचा पाय चाटला. शेपटीनं मागं धुरळा उडत होता. अविराजनं भिंतीआडून डोकं काढलं. "अप्रतिम," तो पुटपुटला. एवढं चांगलं काम त्यानं कुठल्याच कुत्र्यावर झालेलं बघितलं नव्हतं.

सुप्रियाला आता भान आलं. तिनं डोक्यावर पदर घेतला, फाटक उघडून आत आली आणि नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, "आबा, पाया पडते."

कॅप्टन गुरगुरला.

"गप ये मेल्या!" सुप्रिया कडाडली. कॅप्टन गप्प बसला.

"एवढ्यात गोड बोलायचं नाही, ताई," अविराज म्हणाला. "सातत्य लागतं. वर्षभर तरी घरात असाच आवाज ठेवा."

"वर्षभर?" दिग्विजयनं विचारलं.

"जमंल मला," सुप्रिया म्हणाली.

ज्ञानेश बाळाला घेऊन आला, तेव्हा कॅप्टननं दुपट्याचा वास घेतला, शिंकला आणि उंबऱ्याजवळ जाऊन बसला. ज्ञानेशनं शब्द दिला होता, त्यामुळं सोमेश्वरनगरचा विषय तिथंच संपला. सुप्रिया बाळाला घेऊन आत गेली.

बाप-लेक अंगणात बाजेवर बसून राहिले. आत जायचं धाडस होईना. आतून भांड्यांचा आवाज आला, स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला.

"आबा, जावा की आत," दिग्विजय म्हणाला.

"तू जा. तुझी बायकू हाय."

"तुमची सून हाय."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला. "आता बाहीरच बसून ऱ्हातोस का मुडद्या? चा गार झाल्यावर येणार हाईस व्हय?"

ती कुणाला म्हणाली ते दिग्विजयला कळेना. कॅप्टनलाही कळलं नसावं, कारण तो नुसता कान टवकारून बघत होता. दादासो मात्र जुन्या सवयीनं केव्हाच उठून, चपला काढून, लगबगीनं आत निघाले होते.