सोळा आणे भीती

त्रिंबककाकांच्या घरी पहिल्यांदा जाणाऱ्या पुरुषमाणसाला ते दारामागून भॉक करीत. माणूस ओळखीचा असो, परका असो, कचेरीतला शिरस्तेदार असो की सत्यनारायणाचं आमंत्रण घेऊन आलेले गुरुजी असोत, त्यांच्याजवळ भेदभाव नव्हता. माणूस तोंड वासून, हातातलं खाली टाकून उभा राहिला की काका अगदी मऊ आवाजात म्हणत, "हलू नका. अस्सेच राहा. उत्तम." मग कानावरची शिसपेन्सील हातात येई, आणि पुढची पाच मिनिटं त्या बिचाऱ्याला घाबरलेलंच राहावं लागे.

माझी पाळी आली तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. ही गोष्ट प्लेग यायच्या चारपाच वर्षं आधीची. वडिलांची बदली ठाण्याला झाली आणि आम्ही टेंभी नाक्याजवळ राहायला आलो. आईचं माहेर त्याच आळीतलं, त्यामुळे संक्रांतीला कोणाकोणाकडे तिळगूळ घेऊन जायचं याची यादी तिला तोंडपाठ होती. त्रिंबककाका यादीत तिसरे. तिळगुळाचा डबा त्यांच्या ओटीवर सांडला. काकांनी माझं चित्र काढलं, मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं आणि निकाल दिला, "आठ आणे. घरात काही काळजी आहे का? लक्ष दुसरीकडे होतं तुमचं."

भीती ते आण्यांत मोजत. चार आणे म्हणजे नुसतं दचकणं. आठ आण्यांना तोंड उघडतं. बारा आण्यांना डोळ्यातलं पांढरं बुबुळाच्या चहूबाजूंनी दिसतं. पुढे पुढे नाक्यावरची माणसं याची बढाईही मारू लागली. आमच्या शेजारचे वकील चौदा आणे भ्याले होते आणि अशिलांना ते सांगतही असत. मी एकदा काकांना विचारलं, की सोळा आणे कोणी भ्यालंय का. ते म्हणाले, "पाहिलंय एकदा. ते काढायचं नसतं." आणि लगेच पेन्सिलीला टोक करायला बसले.

घाबरलेल्या माणसासाठी आतून गूळपाणी येई. तांब्या आणि वाटी माजघराच्या उंबऱ्यावर ठेवलेली दिसे, ठेवणारा हात मात्र दिसत नसे. आत काकांची धाकटी बहीण मथूताई होती. बालविधवा. लाल आलवणाचा काठ दाराआड जाताना मी दोनचारदा पाहिला असेन, त्यापलीकडे काही नाही. ती कधी बाहेर पडत नसे, आणि आळीतही तिचा विषय कोणी काढत नसे. काकांनी लग्न केलं नव्हतं. एकदा जमत आलं होतं म्हणतात, पण मुलीचे मामा घर पाहायला आले आणि काकांनी त्यांनाही भॉक केलं. मामा बारा आणे भ्याले आणि चपला तिथेच सोडून गेले. ते चित्र फार सुरेख उतरलं होतं.

हा सगळा खटाटोप पोटासाठी होता. काका शिळाछापखान्यात दगडावर चित्रं काढत. नाटक कंपन्या ठाण्या-कल्याणला उतरल्या की भिंतींवर लावायच्या मोठ्या जाहिराती तिथे छापून घेत. देवादिकांची, सीतास्वयंवराची कामं दुसरे लोक करीत. राक्षस, कापालिक, खून, स्मशान असं काही नाटकात असलं की मालक काकांना शोधत येई. या कामाचं त्यांनी एक शास्त्रच करून ठेवलं होतं. चंद्र कधी पुरता काढायचा नाही, अर्धा ढगात ठेवायचा. खालच्या कोपऱ्यातून हात वर यावा, पण मनगटापर्यंतच, "कोपर दिसलं की तो कोणाचा तरी हात झाला, मग भीती कसली?" अक्षरांच्या वेलांट्यांना थेंब लोंबले पाहिजेत. राक्षसाला दात बत्तीसच. एका मालकाने चाळीस मागितले तेव्हा काकांनी त्याला स्वतःचे मोजून पाहायला सांगितलं. जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरात 'कच्च्या काळजाच्या मंडळींनी येऊ नये' असं लिहायचं, म्हणजे कच्च्या काळजाची मंडळी पहिल्या रांगेत येऊन बसतात.

पण सगळ्यात मोठा नियम हा, की भूत काढायचंच नाही. भूत पाहणारा काढायचा. "भुताला चेहरा दिलात की लोक त्याच्याशी ओळख करून घेतात," असं ते म्हणत. म्हणून ते भॉक करणं. त्यामुळे ठाण्याच्या भिंतीभिंतींवर आमच्या आळीतले प्रतिष्ठित गृहस्थ तोंडं वासून उभे असत. वकिलांनी एकदा तक्रार केली आणि मग स्वतःच मागे घेतली. दगडावर काढलेलं छापताना उलटं उमटतं, त्यामुळे त्यांची डाव्या गालावरची मस चित्रात उजव्या गालावर आली होती. तेव्हा कायद्याने तो इसम आपण नव्हे, असं त्यांचं म्हणणं पडलं.

अति झालं की माती होते म्हणतात ते खरं. दोन वर्षांत नाक्यावरचा प्रत्येक पुरुष भिऊन झाला. काका दारामागून उडी मारत आणि समोरचा म्हणे, "काय काका, बरं आहे ना?" माल संपला. मग ते गावाबाहेर हिंडू लागले. कोलशेतच्या मिठागरावर एकदा मिठाच्या राशीमागे दबा धरून बसले. समोरून मुकादम यायचा होता, आली एक म्हातारी. काका उडी मारून बसले होते, परत घेता येईना. म्हातारीने डोक्यावरची पाटी सावकाश खाली ठेवली, त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "येरा झायलास का रं? बस. पानी पी." वेडे ठरलेले काका बसले आणि पाणी प्यायले. हे त्यांनीच मला सांगितलं. वर म्हणाले, एक आणासुद्धा नाही.

त्याच सुमाराला कल्याणला एक बडी कंपनी उतरली. नाटकाचं नाव आता आठवत नाही. त्यात एक कापालिक होता आणि एक राजकन्या बळी जाता जाता वाचत होती. कंपनीचे मालक आगगाडीने ठाण्याला आले आणि त्यांनी काकांच्या सगळ्या जुन्या जाहिराती पाहिल्या. मग म्हणाले, चित्रं उत्तम आहेत, पण जिकडेतिकडे पगडीवाले भितात. पगडीवाला भ्याला तर लोक हसतात. मुंबईच्या जाहिरातींत बाई असते. केस मोकळे, हात कपाळाशी, डोळे फाटलेले. तशी बाई आठ दिवसांत देत असाल तर हे काम तुमचं आणि हंगामातली पुढची सगळी. नाहीतर दगड मुंबईच्या माणसाकडे जाईल. छापखान्याचे मालक शेजारीच उभे होते. त्यांनी मान डोलावली, म्हणजे काकांची नोकरीही त्या बाईच्या केसांना लोंबू लागली.

काकांनी आजवर एकही बाई काढली नव्हती. बायकांना भॉक करणं सभ्यतेत बसत नव्हतं, आणि न पाहिलेली भीती ते काढत नसत. कंपनीच्या मालकांनी तोड सुचवली, की आमचा स्त्रीपार्टी नट पाठवतो, त्याला घाबरवा. तो आला. नऊवारी नेसून, अंबाडा सोडून, इतका नाजूक चालत आला की आळीतल्या बायका त्याला बघायला ओटीवर आल्या. काका दारामागून ओरडले. त्याबरोबर त्या राजकन्येने एक अस्सल शिवी हासडली, पदर खोचला आणि काकांची मानगूट धरली. काका खाटेवर पडून मला म्हणाले, "बारा आणे भ्याला, पण भ्याल्याबरोबर पुरुष झाला."

मग त्यांचं दार बंद झालं. पाच दिवस ते छापखान्यातला दगड घरी आणून काम करत होते. मी दोनदा कडी वाजवली. कोणी भॉक केलं नाही, त्याने मला जरा चुकल्यासारखं झालं.

सहाव्या दिवशी जाहिरात भिंतींवर लागली. मी कचेरीतून येताना नाक्यावर पाहिली आणि उभाच राहिलो. अर्धा चंद्र होता, कोपऱ्यातला हात होता, ठिबकणारी अक्षरं होती. मधोमध एक बारातेरा वर्षांची मुलगी होती आणि तिचे केस कागदाच्या वरच्या टोकापासून थेट खालच्या कडेपर्यंत गेले होते. एरवी काका रात्रीसाठी काळं वापरत. या कागदावर जेवढं काळं होतं तेवढे सगळे केस होते. आणि मुलगी घाबरलेली नव्हती. ती सरळ आपल्याकडे बघत होती. ओठांच्या कोपऱ्यात थोडंसं हसू होतं, लपंडावात आपण सापडलो की येतं तसं.

काकांचं शास्त्र या एका ठिकाणी त्यांच्यावर उलटलं. केस मोकळे सोडलेली, स्मशानात उभी, आणि भीत नाही, म्हणजे ही भिणारी नव्हेच. लोकांनी क्षणात ठरवलं, की ही हडळ. इतकी भयंकर जाहिरात ठाण्याने पाहिली नव्हती. बायका पदर तोंडाशी धरून तिच्यासमोरून जात. दिवा गावाकडून आलेली माणसं लांबून बघून परत फिरत आणि तिकीट काढत. कल्याणला खेळ भरून वाहू लागला. मालकांनी काकांना शालजोडी पाठवली आणि निरोप दिला, की भूत काढावं तर तुम्हीच.

आई देवळात जाताना त्या भिंतीपाशी थांबली. घरी आली ती पाटावर बसूनच राहिली. मला वाटलं, तीही घाबरली.

"ही मथू आहे," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं ते असं. मथूचं लग्न नवव्या वर्षी झालं आणि बाराव्या वर्षी नवरा गेला. तिला माहेरी आणली. आई तेव्हा दहा वर्षांची होती आणि रोज त्यांच्याकडे खेळायला जायची. लपंडावाचा खेळ, सापडलेल्याला भॉक करायचं. एके सकाळी न्हाव्याला मागल्या दाराने आत घेतलं. मथूला कळलं, आणि ती ओटीच्या दारामागे जाऊन लपली. घरभर शोधाशोध सुरू झाली.

"त्यांच्या घरातल्या आत्याबाईंनी त्रिंबकला विचारलं, मथू कुठाय रे? तो चौदा वर्षांचा, त्याला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. त्याला वाटलं खेळच चाललाय. धावत गेला, दार ओढलं आणि म्हणाला, भॉक."

मला फार वाईट वाटलं, आणि त्या दारात इतकी वर्षं आम्ही सगळे हसत उभे राहिलो त्याची लाजही वाटली.

त्यानंतरच्या रविवारी भर दुपारी मी नाक्यावरून जात होतो. काका भिंतीपाशी उभे होते. पायाशी पाण्याची बादली, हातात ओलं फडकं. त्यांनी जाहिरातीच्या कडा भिजवल्या होत्या आणि ते नखाने कागद हळूहळू सोडवत होते, फाटणार नाही अशा बेताने. जवळ गेल्यावर मला कारण दिसलं. कोणीतरी त्या मुलीच्या केसांत खिळा ठोकला होता. हडळीच्या केसांत खिळा मारला की ती जागची हलत नाही, असं आमच्याकडे मानतात. ठोकणाऱ्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांवर उपकार म्हणूनच ठोकला असेल.

मी विचारलं, काका, कंपनीचा खेळ अजून चालू आहे, मालक काय म्हणतील.

"म्हणू देत. फार दिवस बाहेर राहिली. घरी नेतोय," ते म्हणाले.

मी सदरा खोचला आणि दुसरी बाजू धरली. खिळा निघता निघेना. काकांनी तो दोन बोटांनी हलवत हलवत काढला आणि खिशात टाकला, रस्त्यात टाकला नाही. त्या दिवशी आम्ही ठाण्यातल्या नऊ जाहिराती उतरवल्या. दुसऱ्या दिवशी ते एकटेच गाडीने कल्याणला गेले आणि तिथल्याही घेऊन आले. कंपनीच्या मालकांनी शालजोडी परत मागितली. पुढची कामं मुंबईला गेली आणि छापखान्याने काकांना लग्नपत्रिकांच्या वेलबुट्ट्यांवर बसवलं. पण हे नंतरचं.

त्या रविवारी ओल्या कागदांची गुंडाळी घेऊन मी त्यांच्याबरोबर घरी गेलो. काकांनी दार उघडं टाकलं आणि ओटीवर बसून हात पुसू लागले. मी गुंडाळी माजघराच्या उंबऱ्यावर ठेवली, जिथे नेहमी गूळपाणी असे तिथे. थोड्या वेळाने मथूताई स्वतः बाहेर आल्या. चाळिशीच्या, बारीक, आलवणाचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. त्यांनी वरचा कागद उलगडून जमिनीवर पसरला आणि चारी कोपऱ्यांना पाट, तांब्या, वाटी, दिवा असं काही काही ठेवलं. मग खाली बसून बघत राहिल्या. खिळ्याने पडलेल्या भोकावर त्यांनी बोट ठेवलं आणि तिथून ते केसांवरून खालपर्यंत नेलं, कागदाच्या कडेपर्यंत.

"दादा, इतके लांब नव्हते रे," त्या म्हणाल्या.

काका हात पुसतच होते. हात केव्हाच कोरडे झाले होते.

"एव्हाना वाढले असते," ते म्हणाले.