दादारावमामा ट्युबा बघतात

लोक सदऱ्याच्या खिशात चष्मा ठेवतात, तंबाखूची पुडी ठेवतात. आमचे पाथरीचे शेजारी दादारावमामा ट्युबाची वाटी ठेवतात. ट्युबा म्हणजे बँडमधलं ते सगळ्यात मोठं, लेकरासारखं कवेत घेऊन वाजवायचं पितळी वाद्य, आणि वाटी म्हणजे ओठाला लावून फुंकायचा त्याचा सुटा भाग. वाद्य मामांकडे नाही. डीजे आला, मामा ज्यात ट्युबा वाजवायचे ती बँड पार्टी मोडली, मालकानं सामान विकून टाकलं. वाटी तेवढी मामांनी ठेवून घेतली. एसटीची वाट बघताना ते ती फुंकतात आणि गाडी आली असं समजून लोक पिशव्या उचलतात.

जिल्ह्यात कुठं जुना ट्युबा विकायला निघाला की मामांना खबर लागते आणि माझ्या मोटारसायकलला काम लागतं. "मास्तर, घ्यायचा पक्का. पर बघून घिऊ." हे बघणं सात वेळा झालं. एकाला पोचा निघाला, दुसऱ्याला डाख दिलेला. तिसऱ्याचा म्हणे वासच उदास होता.

परवा पेडगावला मुसाभाईंकडे गेलो. त्यांचाही बँड बंद पडलेला. दारावर खडूनं 'ट्युबा विकणे आहे' लिहिलेलं. मामांनी चहा नाकारला. "आदी माल, मग च्या."

त्यांनी ट्युबाच्या कर्ण्यात कोपरापर्यंत हात घालून पोचे चाचपले. मिळाले नाहीत. नळ्या एकेक ओढून काढल्या, तर प्रत्येक नळी बाटलीच्या बुचासारखा आवाज करून सुटली. "हवा धरायलाय," मामा नाराजीनं म्हणाले. पिस्टन दाबले, तिन्ही टणकन वर आले. मामा आणखी खट्टू झाले.

मग धुराची परीक्षा. कर्ण्यात उपरणं कोंबायचं आणि वाटीतून बिडीचा धूर सोडायचा. जिथून धूर निघेल तिथं भोक. मामा बिडी ओढत नाहीत. मी सोडली होती. वाद्यासाठी परत ओढली, हे आमच्या घरी सांगू नका. तीन बिड्या संपल्या, मला ठसका लागला, काहीतरी पेटलं म्हणून शेजारच्या बाई घागर घेऊन धावत आल्या. पण धुराची एक रेघ निघाली नाही.

शेवटी मामांनी उपरणं काढलं, खिशातली आपली वाटी बसवली आणि ट्युबा मांडीवर घेतला. भूंऽप. भूंऽप. दावणीची म्हैस उठून उभी राहिली. मामा डोळे मिटून वाजवतच राहिले.

"खोट हाय का कुठं?" मुसाभाईंनी विचारलं.

"न्हाई."

"मग घिऊन जावा. भाव तुमीच बोला."

मामांचं तोंड उतरलं. मला बाजूला नेऊन म्हणाले, "मास्तर, घिऊन करू काय? ह्याला एकट्याला गाणं येत न्हाई. गाणं दुसऱ्यानं म्हणायचं, ह्यानं खालून भूंप करायचं. आमचे गाणारे सगळे गेले."

"मग बघायला कशाला येता?"

"घ्यायचा म्हनलं तरच लोक वाजवू देतेत."

सात ट्युबांच्या सगळ्या खोटी मला तेव्हा उमगल्या. फार वाईट वाटलं, आणि वाटेत त्यांना कंजूष म्हणालो होतो त्याची लाजही वाटली.

मुसाभाईंच्या कानावर गेलं असावं. ते आत जाऊन आपलं क्लॅरोनेट घेऊन आले. "दादारावभाई, एकट्यानं सूर कळत न्हाई. संगं वाजवून बघा."

वरातीचं जुनं गाणं लागलं. मुसाभाई दोनदा चुकले, मामा एकदा हसले आणि दम सुटून भलताच आवाज आला. बाई घागर तशीच कडेवर घेऊन ऐकत उभ्या होत्या.

गाणं संपलं. मामांनी मधला पिस्टन दाबून पाहिला. "ह्यो जरासा अडकायलाय, मुसाभाई. पुढल्या ऐतवारी परत बघावा लागंल."

"बघावाच लागंल," म्हणत मुसाभाईंनी बाहीनं दारावरचा खडू पुसला आणि चहा सांगितला.

परतताना, वाटी खिशात ठेवायची मामांची सवय ठाऊक असल्यानं मी विचारलं, "वाटी घेतली ना?"

मामांनी रिकाम्या खिशावर हात ठेवला. "न्हाई. ट्युबालाच ऱ्हाऊ दिली."