खर्ज निवड समिती

आमच्या पाणीपुरवठा कार्यालयाच्या कर्मचारी वाद्यवृंदात एकूण अकरा सभासद आहेत. त्यांपैकी दहा ऐकू येतात. अकरावे खर्जकाका. ते मीटर-वाचक. दिवसभर लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे टिपायचे आणि संध्याकाळी तालमीच्या खोलीत भिंतीला टेकून बेस गिटार वाजवायचे. अशी बावीस वर्षं वाजवली. या काळात त्यांच्याबद्दल एकही तक्रार आली नाही आणि त्यांना एकही टाळी पडली नाही, अशी दप्तरी नोंद आहे. ती मीच केली, कारण आवक-जावकच्या टेबलाबरोबर वाद्यवृंदाचं सचिवपदही माझ्याच गळ्यात पडलेलं आहे.

ऑगस्टमध्ये काकांच्या डाव्या हाताची बोटं आखडली. डॉक्टर म्हणाले, जाड तारा दाबणं बंद. हलक्या पट्टीवर बोट ठेवायला हरकत नाही. काकांनी रीतसर अर्ज केला. ‘मला एक छोटा सिंथेसायझर मिळावा. ॲनालॉग, एका वेळी एकच सूर काढणारा, फक्त खर्जासाठी. अठ्ठावीस नोव्हेंबरला आपलं स्नेहसंमेलन आहे आणि तीस नोव्हेंबरला मी निवृत्त होतोय. शेवटचं एकदा सगळ्यांबरोबर वाजवायची इच्छा आहे.’ दुकानात जाऊन त्यांनी पाच यंत्रं स्वतः वाजवून पाहिली होती. जे पसंत पडलं त्याचं नाव एका चिठ्ठीवर लिहून ती अर्जाला टाचणीने लावली होती.

घोडं अडलं ते या टाचणीपाशी. अधीक्षकसाहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“ज्याला वाजवायचंय, त्यानेच वाद्य निवडायचं? उद्या तहानलेला माणूस येऊन सांगेल, नळ कुठे बसवायचा ते.”

“साहेब, त्यांना त्यातलं कळतं,” मी म्हणालो.

“तेच तर. कळणारा माणूस निःपक्षपाती कसा राहील?”

तेव्हा ज्यांना त्यातलं काही कळत नाही, अशांची खर्ज निवड समिती स्थापन झाली. अध्यक्ष अधीक्षकसाहेब, सदस्य लेखापालबाई आणि वाद्यवृंदाचे मुख्य गायक, सचिव मी. अर्जदाराचे हितसंबंध गुंतलेले असल्याने त्यांना समितीबाहेर ठेवण्यात आलं. मात्र खुलाशासाठी त्यांनी दाराशी उभं राहावं, अशी सवलत मिळाली.

पहिल्याच बैठकीत लेखापालबाईंनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं. “पट्ट्या सदतीस आणि एका वेळी वाजणार एकच. मग उरलेल्या छत्तीस तेवढा वेळ काय करणार?”

काका दारातून म्हणाले, “बाई, खर्जात दोन सूर एकदम दाबले की नुसता चिखल होतो. खाली एकच हवा. ठाम.”

“म्हणजे एकजण काम करणार आणि छत्तीसजण बघत बसणार,” बाई म्हणाल्या, आणि का कोण जाणे, त्यांनी खिडकीतून आमच्या हॉलकडे नजर टाकली. हरकत मागे घेण्यात आली.

दुसरा प्रश्न ॲनालॉगचा. हे यंत्र सुरू केल्या केल्या सुरात नसतं, आतले भाग तापेपर्यंत पंधरा मिनिटं जातात, आणि खोलीत गारठा असला तर पुन्हा सूर सोडतं, असं काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

“आल्यावर पंधरा मिनिटं काहीच उपयोगाचं नसतं?” साहेबांनी विचारलं.

“नसतं, साहेब.”

“आणि हवा बदलली की बिघडतं?”

“थोडंसं.”

“मग हे कायम सेवेत घ्यायला हरकत नाही,” साहेब म्हणाले. ठराव एकमताने मंजूर झाला.

तिसरी बैठक श्रवण-परीक्षेची. पाचही यंत्रांचे नमुने मी मोबाइलवर उतरवून आणले होते. सर्वांना ऐकू जावं म्हणून मोबाइल पाण्याच्या स्टीलच्या पेल्यात उभा केला. पहिला नमुना लावला. सूक्ष्म खरखर. दुसऱ्याला नुसतंच टक्-टक्. तिसरं यंत्र म्हणजे काकांच्या चिठ्ठीतलं. त्याला काहीच नाही. पेला मात्र थोडा थरथरला. चौथंही तसंच. पाचव्याला मात्र शिट्टी वाजली. स्पष्ट, खणखणीत, कुकरला लाजवेल अशी.

दारातून आवाज आला, “साहेब, मोबाइलवर खर्ज ऐकूच येत नाही. एवढ्याशा स्पीकरातून तो बाहेरच पडत नाही. हेडफोन लावा, नाहीतर तालमीच्या खोलीतला मोठा स्पीकर आणू द्या.”

“हेडफोन एका माणसाला लागतो,” साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले. “निर्णय सामूहिक असतो. आणि मोठा स्पीकर लावला तर बाकीचं कार्यालय जागं होईल.”

“पण साहेब, न ऐकता...”

“काका, तुमचा खुलासा झाला. आता तुम्ही निघा.”

काका निघाले. दार त्यांनी नेहमीसारखं आवाज न करता ओढून घेतलं.

मग खरा वाद पेटला. गायकाचं मत तिसऱ्या यंत्राला होतं. “यासारखं साथीचं वाद्य मी आजवर ऐकलं नाही. माझ्या गाण्याच्या आड अजिबात येत नाही.” लेखापालबाई म्हणाल्या, शांतता आपल्याकडे फुकट उपलब्ध असताना ती विकत घेता येणार नाही. शेवटी तिसरं आणि चौथं यंत्र ‘आवाज नाही’ या शेऱ्यासह बाद झालं. पाचव्याला शंभरपैकी चौऱ्याण्णव गुण पडले. सहा गुण कापले, कारण पूर्ण गुण दिले की संशय येतो.

पण साहेब नुसत्या गुणांवर जाणारे नव्हेत. त्यांनी घरी बसून सिंथेसायझरचे व्हिडिओ पाहायला सुरुवात केली. आठवडाभरात त्यांची भाषाच पालटली. पाणी तुंबल्याची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला ते म्हणाले, “तुमच्या तक्रारीचा फिल्टर जरा बंद करा, फार कर्कश येतेय.” त्यांच्या पत्नीने मला फोन करून काळजीने विचारलं, “भावजी, हे ऑसिलेटर कोण? झोपेत त्यांचं नाव घेतात.”

व्हिडिओतले तज्ज्ञ एका गोष्टीवर ठाम होते: ॲनालॉगचा आवाज उबदार असतो. लेखापालबाईंनी विचारलं, किती उबदार? मोजमापाशिवाय शेरा कसा मारायचा? त्यामुळे दुकानाला भेट ठरली आणि बाईंनी घरून थर्मामीटर आणला. पाचवं यंत्र अर्धा तास चालू ठेवून ते त्याच्या पट्ट्यांमध्ये खोचण्यात आलं. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. “नॉर्मल आहे,” बाई म्हणाल्या, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. दुकानदार तेवढ्यात आतल्या खोलीत निघून गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. त्याची प्रकृती ठीक नसावी.

त्यानंतर यंत्रावरचे खटके मोजले. तज्ज्ञांच्या मते खटके जास्त तितकं यंत्र भारी, म्हणून दोघांनी वेगवेगळे मोजले. एकाचे एकतीस भरले, दुसऱ्याचे तेहतीस. फरकाच्या दोन खटक्यांचा छडा लावायला उपसमिती नेमली. दोन्ही खटके सापडले तेव्हा नोव्हेंबर अर्धा सरला होता. ते खालच्या टेबलाच्या खणांचे होते. खरेदी घाईत नको, यंत्राला न्याय मिळायला हवा, म्हणून स्नेहसंमेलन सहा डिसेंबरवर ढकलण्याचा ठराव झाला. तशी सूचना मी फलकावर लावली. ‘कोणाची हरकत असल्यास कळवावे’ असंही खाली लिहिलं. कोणीही कळवलं नाही.

यंत्र आलं. त्याला झाकण शिवलं, कपाटाला कुलूप लावलं, किल्ली साहेबांकडे राहिली. प्रशिक्षित व्यक्तीखेरीज कोणी हात लावू नये, असा नियम केला. एकशे चाळीस व्हिडिओ पाहिलेले साहेब सोडले तर दुसरं प्रशिक्षित कोणी नव्हतं. तेव्हा वाजवायची जबाबदारीही ओघाने त्यांच्यावरच आली, आणि त्यांनी ती जड अंतःकरणाने, नवा कोट शिवून स्वीकारली.

सहा डिसेंबरला सभागृह भरलं. यंत्र पंधरा मिनिटं तापवलं. साहेबांनी पट्टी दाबली. शिट्टी वाजली. पहिल्या रांगेतला पहारेकरी सवयीने उठून उभा राहिला. पुढची सगळी गाणी ठीक झाली, कोणी बेसूर झालं नाही, टाळ्याही पडल्या. पण त्या शिष्टाचाराच्या होत्या.

पडद्यामागे गायक घाम पुसत म्हणाला, “आज काहीतरी भलतंच होत होतं. अंधारात जिन्याची शेवटची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि खाली काहीच नसावं, तसं. प्रत्येक ओळीला.” साहेबांनी तिथल्या तिथे चौकशी समिती नेमली. सचिव अर्थातच मी.

टिपण घ्यायला म्हणून मी सभागृहात आलो. शेवटच्या रांगेत खर्जकाका बसले होते. निवृत्तीला सहा दिवस झालेले. कर्मचारी नसल्यामुळे मंचावर त्यांची जागा नव्हती, छातीवर ‘पाहुणा’ अशी पट्टी होती. उजव्या हाताचं एक बोट खुर्चीच्या दांड्यावर अजून ठेका धरून होतं.

“काका, आज काय कमी होतं हो?”

“विशेष काही नाही रे. खाली कोणी नव्हतं, एवढंच.”

“मग तुम्ही आधी बोलला का नाहीत?”

“बोललो की. दारातून.” ते हसले. त्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. “आमचं बोलणं लहान स्पीकरातून ऐकू जात नाही, बाळा.”

मला लाज वाटली. खरोखर वाटली. ते उठले, खुर्ची उचलून भिंतीशी नीट लावली आणि दार ओढून घेत निघून गेले.

अहवालात जबाबदारी निश्चित करावी लागते. समितीची आहेच. तारखांचा हिशेब समोर दिसत असून सूचना फलकावर लावणारा मी, माझीही आहे. पण वाचकहो, तीस नोव्हेंबर ही तारीख मी तुम्हाला सुरुवातीलाच सांगितली होती. सहा डिसेंबरही लपवली नाही. काका दारातून गेले, आणि तुम्ही थर्मामीटर नॉर्मल आला म्हणून हसत पुढे वाचत राहिलात. हरकत असल्यास कळवावे, असं स्पष्ट लिहिलं होतं. तुमच्याकडून काही आल्याची आवक नोंदवहीत नोंद नाही. म्हणून तुमचं नाव समितीच्या उपस्थित सदस्यांत घेतलं आहे. खाली जागा सोडली आहे, तेवढी सही करा.