भुतासकट घर विकणे आहे

भोंगेमास्तरांनी जाहीर करून टाकलं होतं की त्यांचा नवा मूकपट बघताना बायका नवऱ्यांना बिलगतील, नवरे खुर्च्यांना बिलगतील, आणि खुर्च्या जमिनीत ठोकलेल्या असल्यामुळे थिएटर तेवढं जागेवर राहील.

भोंगेमास्तर हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. मूकपटात आवाज उतरत नाही, त्यामुळे चित्रण चालू असतानाही दिग्दर्शकाला ओरडायची मुभा असते, आणि मास्तर ती मुभा पुरेपूर वसूल करत. पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून ते नटांना चालवत, बसवत, रडवत, ठार मारत आणि जेवणाच्या सुट्टीच्या आत पुन्हा जिवंत करत. स्टुडिओत त्यांचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. घरी मात्र भोंगा खुंटीवर टांगला जाई आणि मास्तरांचा आवाजही त्याच खुंटीवर.

कारण घरी मेहुणा होता. बायकोचा धाकटा भाऊ. आपलं घर विकायला काढून ‘गिऱ्हाईक मिळेपर्यंत’ म्हणून बहिणीकडे आला तो रुजलाच. राहत्या घराला गिऱ्हाईक नाक मुरडतं, म्हणून घर मोकळं ठेवायचं, हा त्याचा सिद्धांत. गिऱ्हाईक काही मिळत नव्हतं आणि त्याबद्दल मेहुण्याच्या चेहऱ्यावर दुःखही दिसत नव्हतं. सकाळचा पहिला चहा त्याचा, वर्तमानपत्र त्याचं, खिडकीजवळचा पलंग त्याचा. मास्तरांच्या वाट्याला उरलेलं वर्तमानपत्र येई, तेही चहाचे डाग पडलेलं.

म्हणून मास्तरांनी एका दगडात दोन पक्षी मारायचं ठरवलं.

“मेहुणबुवा, तुमचं घर मला पछाडलेलं घर म्हणून द्या. चित्रपट गावोगावी लागेल. हजारो लोक तुमचं घर बघतील.”

“दाजी, भुताचं घर म्हणून नाव झालं तर घेणार कोण?”

“मूकपट आहे. भूत बोलणार नाही. न बोलणारा शेजारी कोणाला नको असतो?”

हे मेहुण्याला पटलं. पटलं नसतं तरी बहिणीला पटलं होतं, आणि त्या घरात तेवढं पुरेसं असे.

भुताच्या कामाला मास्तरांनी ताडमाड नावाचा नट घेतला. त्याची उंची एवढी की बहुतेक चित्रपटांत त्याचं डोकं पडद्याबाहेरच राही. त्याच्यावर डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर घातली. डोळ्यांना भोकं पाडायची का, असं त्याने विचारलं, तेव्हा मास्तर खेकसले, “मुळीच नाही. भुताला डोळे दिले की ते बघायला लागतं, बघायला लागलं की विचार करायला लागतं, आणि मग सगळं मनाने करतं. तू फक्त आवाज ऐक. आवाज म्हणेल ते कर.”

ताडमाडने मान हलवली. निदान चादर तरी हलली.

चित्रणाचा दिवस उजाडला. रात्रीचे प्रसंग टळटळीत उन्हात टिपायचे आणि मागाहून फिल्म निळ्या रंगात बुडवायची, की झाली रात्र. मास्तरांनी सकाळभर खपून डिंक आणि सुताची कोळिष्टकं विणली होती. ती इतकी सुरेख जमली होती की एक खरा कोळी येऊन, बघून, खजील होऊन परत गेला. भिंतीत एक फिरतं कपाट बसवलं होतं. फळी ढकलली की माणूस गिरकी घेऊन भिंतीत गडप. आत धुळीसाठी खडूच्या भुकटीचं पोतं ठेवलं होतं.

“सुरू!” मास्तर भोंग्यातून गरजले.

कॅमेरावाला हँडल फिरवू लागला. त्याचं तत्त्व साधं होतं. सुरू म्हटलं की फिरवायचं, थांब म्हटलं की थांबायचं. मधल्या वेळात घराला आग लागली असती तर त्याने तीही टिपली असती.

कपाट मात्र फिरेना. मास्तर चडफडत पुढे झाले, भोंगा खाली ठेवला, खांद्याने फळी ढकलली. फळी गर्रकन फिरली. मास्तर आत, भोंगा बाहेर, आणि फळी परत जाम. ताडमाड खोलीच्या मध्यभागी पुढच्या हुकुमाची वाट बघत उभा. हँडल फिरतंच आहे.

नेमका त्याच वेळी मेहुणा घरात शिरला. मागे गिऱ्हाईक. कित्येक दिवसांनी कोणी घर बघायला तयार झालं होतं आणि त्याला उद्या या म्हणायची मेहुण्याची छाती झाली नव्हती. गिऱ्हाईक म्हणजे एक नवरा आणि एक बाई. नवरा इतका बारीक की बाईच्या छत्रीच्या सावलीत मावून जागा उरत होती. बाईंना भोंग्याची गरज नव्हती. त्या जन्मालाच तो घेऊन आल्या होत्या.

“उभे काय राहिलात? पुढे व्हा,” बाई नवऱ्याला म्हणाल्या.

नवऱ्याने चादर बघितली होती. त्याचे पाय हलेनात. भूत पुढे झालं.

“उजवीकडची खिडकी उघडा.”

भूत उजवीकडे वळलं, चाचपडलं आणि त्याने खिडकी उघडली.

“अगं,” नवरा पुटपुटला, “तो मी नाही.”

“दिसतंय. तुम्ही असतात तर ‘काय म्हणालीस?’ असं विचारलं असतंत.” बाईंनी भुताला खालून वर न्याहाळलं. “कोळिष्टकं काढा.”

मास्तर फटीतून हे बघत होते. भुताने चादरीच्या टोकाने सकाळची सगळी मेहनत साफ पुसून काढली. मास्तर जिवाच्या आकांताने ओरडले, “थांब!” पण भोंग्याविना, जाड लाकडातून, बाहेर आलं ते नुसतं कण्हणं.

“कपाटात कोणीतरी कण्हतंय,” नवरा म्हणाला.

“लाकूड जुनं आहे.” बाई भुताकडे वळल्या. “तो आवाज बंद करा.”

भुताने कपाटाचा अंदाज घेतला आणि फळीला पाठ लावून ते घट्ट उभं राहिलं. मास्तर आतून धडका देऊ लागले. पण आज्ञा पाळणारा नट मिळावा म्हणून त्यांनीच वर्षानुवर्षं घसा फोडला होता. असा नट मिळाला, आणि तो आता त्यांच्याच दारावर टेकून उभा होता.

बाईंनी मग काचा पुसून घेतल्या, पलंग सरकवून घेतला, तो परत होता तिथे लावून घेतला. शेवटी मेहुण्याला विचारलं, “हे घराबरोबर आहे ना?”

मेहुण्याला विक्रीचा वास आला. “आहे की. पहिल्यापासून आहे.”

“खातं काय?”

“काही नाही.”

“बोलतं?”

“अजिबात नाही.”

“घर घेतलं,” बाई म्हणाल्या. “मात्र भुतासकट. ते नसेल तर घर तुमचं तुम्हाला लखलाभ.” मग सहज म्हणाल्या, “ते कपाट उघडून दाखवा.”

भूत बाजूला झालं, त्याने फळी ढकलली, आणि आतून खडूच्या भुकटीने नखशिखांत पांढरे झालेले, डोळे वटारलेले, आवाज बसलेले मास्तर हात पसरून बाहेर कोसळले. नवऱ्याने आडवं होणं पसंत केलं.

“दोन आहेत?” बाईंनी विचारलं.

“नाही नाही,” मेहुणा घाईघाईने म्हणाला. “हे आमच्याकडे असतात.”

“बरं झालं. हे फार आवाज करतंय.”

मास्तर जमिनीवरून घोगऱ्या आवाजात “थांब” म्हणाले तेव्हा कुठे कॅमेरावाला थांबला.

गिऱ्हाईक गेल्यावर चादरीतून बाहेर आलेल्या ताडमाडने नव्या नोकरीला साफ नकार दिला. त्याला दुसऱ्या कंपनीत राक्षस व्हायचं होतं. विक्री फिसकटली तर मेहुणा जन्माचा घरी बसणार हे मास्तरांच्या डोळ्यांपुढे लख्ख आलं. संकटात माणसाची बुद्धी चालते म्हणतात. मास्तरांची धावली.

“मेहुणबुवा, चादरीखाली कोण आहे हे कोणाला दिसतंय? घर विकल्याचं विकलं, आणि राहायलाही तेच.”

मेहुणा हिशेबाला पक्का. त्याने चादर ओढून घेतली.

“पण तो ताडमाड, मी एवढासा. बाईंना कळेल की.”

त्याची सोय मास्तरांनी स्वतः केली. भूत पोचवायला गेले तेव्हा बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. “हे बुटकं कसं झालं?”

“धुतलं,” मास्तर म्हणाले. “पहिल्या धुण्यात आटतं.”

बाईंनी चादरीचं कापड चिमटीत धरून बघितलं आणि त्यांना पटलं. नवऱ्याचे सदरे आटलेले त्यांनी बघितले होते.

चित्रपट लागला. काचा पुसणाऱ्या भुताला बघून लोक हसून हसून लोळले, आणि कपाटातून मास्तर कोसळले तेव्हा खऱ्या किंकाळ्या फुटल्या. कंपनीचे मालक म्हणाले, “भीतीही आहे, हसूही आहे. असंच आणखी एक काढा, पण तुम्ही कपाटातच राहा.” मास्तरांना हेही गोड लागलं. घरी आता पहिला चहा त्यांचा होता, कोरं वर्तमानपत्र त्यांचं होतं. खिडकीजवळच्या पलंगावर ते हातपाय पसरून झोपत आणि बायकोला म्हणत, “भाऊ मार्गी लागला तुझा.”

बायकोला मात्र भावाची काळजी. एका दुपारी ती त्याला बघून यायला गेली. मास्तर पलंगावरून वाट बघत राहिले. बाईंनी चोरी पकडली असेल का? की मेहुणा कंटाळून बोचकं बांधत असेल?

बायको परतली ती प्रसन्न चेहऱ्याने.

“कसा आहे?” मास्तरांनी विचारलं.

“ओळखायचा नाही इतका सुधारलाय. जन्मात कधी ताट उचललं नव्हतं त्याने. आता त्या बाई म्हणाल्या ‘वळा’, की वळतो. म्हणाल्या ‘घासा’, की घासतो. मी त्यांना विचारलं, एवढं कसं हो जमवलंत?”

“मग? काय म्हणाल्या?”

बायकोने पिशवीतून कोरी पांढरी चादर काढली, झटकून उलगडली आणि मास्तरांच्या डोक्यावरून खाली सोडली.

“अगं, मी दिग्दर्शक आहे,” चादरीतून आवाज आला.

“भूत बोलत नाही,” बायको म्हणाली. “उठा. चार पावलं सरळ. आता डावीकडे वळा, अहो, डावीकडे. हात पुढे करा. ही तुमची भांडी.”