ओरिजिनल, लोकल आणि बोढेभाऊ

कॅमेरा डोळ्याला लावला की माणूस श्वास रोखतो, कोपर छातीशी धरतो. आमचे बोढेभाऊ मात्र हात हलवायला लागतात. चुकून नव्हे, ठरवून. आधी मनगट, मग बोटं. ऊर्जानगरच्या आमच्या क्वार्टरच्या गच्चीवर उभे राहून ते असे थरथरत एका खंड्या पक्ष्याचा फोटो काढत होते, तेव्हा समोरच्या इमारतीतल्या बाईंनी मला फोन करून विचारलं, की तुमच्या शेजाऱ्यांना शॉक तर लागला नाही ना.

भाऊ वीज केंद्राच्या स्टोअरमध्ये आहेत. मशीनचे सुटे भाग आले की ते तपासायचे आणि पास करायचे किंवा परत पाठवायचे, हे त्यांचं काम. ज्या कंपनीचं मशीन, तिचाच भाग असेल तर तो 'ओरिजिनल'. बाकी साऱ्या दुनियेचा माल 'लोकल'. यात त्यांचा कोणावर राग नाही आणि कोणावर विश्वासही नाही. "नाव पाहून पास नाई करत आपण. चालवून पाहू, मंग बोलू," हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं नाही असा माणूस आमच्या कॉलनीत नसेल.

नोकरीत हे ठीक. पण भाऊ हा कारभार घरीही घेऊन येतात. कुकरची रिंग कंपनीची घ्यायची की बाजारातली, हे ठरवायला त्यांनी दोन्ही आणल्या आणि एकाआड एक दिवस लावल्या. तेवढे दिवस त्यांच्याकडे एक दिवस वरण व्हायचं आणि एक दिवस डाळीचं पाणी. मुलीच्या लग्नाला वरोऱ्याचा बँड सांगावा की इथलाच, असा प्रश्न पडला तेव्हा दोन्ही बँड रविवारी सकाळी क्वार्टरसमोर बोलावले आणि दोघांनाही एकच गाणं वाजवायला लावलं. रात्रपाळी करून झोपलेले लोक बनियनवर खाली आले. भाऊंनी त्यांचंही मत विचारलं.

अशा माणसाला कॅमेऱ्याची लांब पल्ल्याची लेन्स घ्यायची होती. स्वतःसाठी नव्हे. फोटो काढायच्या त्या लतावहिनी. इरई धरणाच्या काठावर चादर अंथरून बसायच्या आणि बगळे, करकोचे टिपायच्या. पुढे त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. औषधं सुरू झाली, थरथर काही गेली नाही. फोटो हलायला लागले. मग वहिनींनी कॅमेरा जुन्या साडीत गुंडाळून कपाटात ठेवला आणि "पुरे आता" म्हणाल्या. त्यानंतर त्या धरणाकडे फिरकल्या नाहीत. भाऊ एकटेच एकदा जाऊन आले आणि "बगळे आहेत" एवढंच घरी येऊन सांगितलं.

हाताचं हलणं सांभाळून घेणाऱ्या लेन्स मिळतात, हे भाऊंना कुठून तरी कळलं. एक कॅमेऱ्याच्याच कंपनीची, दुसरी दुसऱ्या कंपनीची पण त्याच कॅमेऱ्याला बसणारी. नागपूरच्या दुकानात त्यांनी ती दुसरी हातात घेऊन विचारलं, "ही लोकल कशी आहे?"

दुकानदार दुखावला. "काका, लोकल काय म्हणता? जपानची आहे."

"जपानची असंन. कॅमेऱ्याच्या कंपनीची नाई ना? मंग लोकल."

घरी येऊन त्यांनी मोबाइलवर दोन्ही लेन्सचे सगळे व्हिडिओ पाहिले आणि वैतागून मला बोलावलं. "पाहा ना, हे सारे पोट्टे खांबासारखे उभे हायेत. त्यायचा हातच हालत नाई, तर लेन्सची परीक्षा कशी होईन? ट्रायल साइट कंडिशनवर पाह्यजे."

साइट कंडिशन म्हणजे वहिनींचा हात. म्हणून भाऊ थरथरायला शिकले. चहा पिताना वहिनींच्या कपाकडे बघायचे आणि टेबलाखाली आपला हात तसाच हलवून पाहायचे. हे किती दिवस लपणार? एका सकाळी मी तिथे पोहे खात बसलेलो असताना वहिनींनी कप खाली ठेवला.

"मले चिडवून राह्यले का तुमी?"

बेअरिंगवर तासभर बोलणारा माणूस माझ्या पोह्यांवर लिंबू पिळायला लागला. शेवटी मीच म्हणालो, "वहिनी, ते लेन्स तपासाले शिकून राह्यले. तुमच्यासाठी."

वहिनींनी नवऱ्याच्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. मग कप उचलत म्हणाल्या, "एवढा जोरात नाई हालत माझा."

भाऊंनी लगेच वेग कमी केला.

शेवटी दोन्ही लेन्स भाड्यानं आणल्या आणि आम्ही ताडोब्याला निघालो. पहिल्या अर्ध्या फेरीत लोकल, उरलेल्या अर्ध्यात ओरिजिनल, असा भाऊंचा बेत. "मी जंगल पाहाले येतो, कॅमेरा नाई धरत," असं वहिनींनी निघतानाच बजावलं होतं. भाऊंनी लेन्स टेकवायला जिप्सीच्या पुढच्या दांडीवर तांदळाची पिशवी बांधली आणि काही न बोलता कॅमेरा वहिनींच्या मांडीवर ठेवला. सांबर दिसलं, मोर दिसले. वहिनींनी कॅमेऱ्याला हात लावला नाही. मला वाईट वाटत होतं. आज त्यांनी कॅमेरा उचलला नाही, तर तो पुन्हा त्या साडीतच जाणार होता.

आणि वाघ आला तो डावीकडून, भाऊंच्या बाजूनं. पिशवी राहिली पुढे. वहिनींनी कॅमेरा उचलला. उचलला खरा, पण एवढी लांब लेन्स, तिचं तोंड हवेत गोल गोल फिरायला लागलं. भाऊ जागच्या जागी वहिनींकडे वळले, लेन्स स्वतःच्या खांद्यावर ओढून घेतली, त्यांची दोन्ही मनगटं धरली आणि मान खाली घातली. वाघ त्यांच्या पाठीमागून चालला होता. इतका जवळून, की गाइडसुद्धा बोलायचा थांबला. वाघाच्या जिल्ह्यात जन्म गेला, पण भाऊंनी अजून वाघ पाहिलेला नव्हता. मी त्यांना डोळ्यांनी खुणावत होतो, वळा, एकदा वळून पाहा. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. कानाशी कॅमेरा खटखटत होता आणि ते श्वास रोखून बसले होते.

वाघ बांबूत गेला. वहिनींनी फोटो पाहिले. एक अगदी स्वच्छ आला होता, कानातले केससुद्धा दिसत होते.

"शेपूट राह्यली," त्या म्हणाल्या. "पुढच्या खेपेले घेतो."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "भाऊ, आता ओरिजिनल लावा. ट्रायल अर्धीच झाली."

"राहू द्या," भाऊ म्हणाले. "हे पास."

दुसरी लेन्स बॅगेतून बाहेरसुद्धा निघाली नाही. थोडं अंतर गेल्यावर त्यांनी वहिनींना हळूच विचारलं, "कसा होता वो?"

फोटो समोरच होता, तो दाखवून भागलं असतं. वहिनींनी कॅमेरा बंद केला आणि कानांपासून सांगायला सुरुवात केली. तो कसा निघाला, कुठे थांबला, आपल्याकडे कसं पाहिलं. गेट येईपर्यंत त्या सांगत होत्या आणि भाऊ मधूनमधून विचारत होते, "मंग?"